तिकीट बुकिंगचा साधा बॅकएंड: एक सीट दोघांना जाऊ नये म्हणून

एक सीट दोघांना विकली जाता कामा नये, हे तिकीट बुकिंगच्या बॅकएंडचं, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या भागाचं, मुख्य काम. लॉगिन, ईमेल, सीटांचा नकाशा नंतरही जोडता येतो. ही हमी मात्र सुरुवातीपासून डेटाबेसनेच द्यायला हवी. डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस घ्या, सर्व्हरची भाषा कुठलीही चालेल.

टेबलं तीन पुरतात. ‘शो’मध्ये तारीख आणि वेळ, ‘बुकिंग’मध्ये ग्राहक, रक्कम, पेमेंट आयडी. तिसरं ‘शो-सीट’, आणि सगळी मदार त्याच्यावर. शो तयार करतानाच प्रत्येक सीटची एक रो (टेबलातली ओळ) टाकून ठेवा. शो आयडी आणि सीट क्रमांक मिळून प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक रोची एकमेव ओळख. बाकी कॉलम: स्थिती (रिकामी, धरलेली, विकलेली), कुणी धरली, कधीपर्यंत, बुकिंग आयडी. रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांकात साठवा; फ्लोटमध्ये (दशांश संख्यांच्या प्रकारात) बेरजा चुकतात.

एपीआयमध्ये, म्हणजे ॲप ज्यातून सर्व्हरशी बोलतं त्यात, सीटांची यादी देणारी एक गेट (वाचण्याची) रिक्वेस्ट आणि दोन पोस्ट (बदल करणाऱ्या): सीट धरणं, बुकिंग पक्कं करणं.

सीट धरताना बहुतेकांचा कोड फसतो. आधी सिलेक्टने (वाचण्याच्या क्वेरीने) सीट रिकामी आहे का बघायचं आणि मग अपडेट करायचं, तर या दोन क्वेरींच्या मधल्या काही मिलिसेकंदांत दुसरी रिक्वेस्टही तेच ‘रिकामी’ वाचून जाते. तपासणी आणि बदल एकाच अपडेटमध्ये करा. स्थिती ‘धरलेली’ आणि मुदत आत्तापासून ८ मिनिटं. अट अशी, की सीट रिकामी असावी किंवा धरलेली असून तिची मुदत उलटलेली असावी. मग बदललेल्या रो मोजा. ३ सीट मागितल्या आणि २ च रो बदलल्या, तर रोलबॅक करून (सगळे बदल मागे घेऊन) ४०९, म्हणजे ‘संघर्ष’ हा एचटीटीपी कोड, पाठवा. मुदत अटीतच असल्याने सुटलेल्या सीट मोकळ्या करायला क्रॉन जॉब (ठरावीक वेळाने आपोआप चालणारं काम) लागत नाही. यादीच्या क्वेरीतही तीच अट घाला. वेळ डेटाबेसचीच धरा, क्लायंटच्या घड्याळाची नको.

एकाने अ-१, अ-२ आणि दुसऱ्याने अ-२, अ-१ मागितल्या, की दोघंही एकेक रो अडवून एकमेकांची वाट पाहतात. पोस्टग्रेस साधारण १ सेकंदाने हा डेडलॉक ओळखून एक ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण किंवा रद्द होणारा क्वेरींचा गट) मारतो. म्हणून त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आधी सीट क्रमांकाच्या क्रमाने ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ (रो वाचून अडवून ठेवणारी क्वेरी) करा, नंतर अपडेट.

पेमेंट होईपर्यंत ट्रान्झॅक्शन उघडं ठेवू नका; थोडेच ग्राहक कनेक्शन पूल (डेटाबेसच्या मोजक्या जोडण्यांचा साठा) संपवतील. सीट धरल्याची नोंद कमिट (पक्की) करा, आणि पेमेंट गेटवेचा वेबहुक (पैसे मिळाल्याचं सर्व्हरला आपोआप येणारं कळवणं) आला की दुसऱ्या ट्रान्झॅक्शनमध्ये बुकिंग पक्कं करा. वेबहुकची सही तपासा आणि रक्कम स्वतःच्या नोंदीशी ताडून पाहा. तोच वेबहुक दोनदा येऊ शकतो, म्हणून पेमेंट आयडीवर युनिक बंधन (तोच आयडी पुन्हा न येऊ देणारं) हवंच. पैसे उशिरा आले आणि सीट तोवर दुसऱ्याकडे गेली असेल, तर रिफंड करा. हा मार्ग आधीच लिहून ठेवा, कारण ही वेळ येतेच.

शेवटी एकाच सीटवर ५० रिक्वेस्ट एकदम सोडा: एकीला २०१ (यशस्वी), बाकी ४९ ला ४०९ मिळायला हवा. चाचणीत पूल किमान १० कनेक्शनचा ठेवा. एकच कनेक्शन असेल तर रिक्वेस्ट रांगेने जातात आणि सदोष कोडही पास होतो.