मार्चअखेर पीएफ-ईएसआयचा ताळा

वाळूज एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांची पगारपत्रकं, त्यातला पीएफ अन् ईएसआय (कामगार राज्य विमा) मी बघतो. प्रेसशॉप, वेल्डिंग, प्लेटिंग, तीस-चाळीस माणसं. मालकाला वाटतं, दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत चलन भरलं की सरकारचं देणं फिटलं. मग वर्षभरात एकेक विवरण निघतं अन् प्रत्येकात माणसांचा आकडा निराळा. म्हणून एप्रिलमध्ये पोर्टल उघडायच्या आधी हजेरीपत्रक अन् पगारपत्रक घेऊन बसायचं.

एक्सेलमध्ये बारा महिने खाली लिहा अन् वर चार रकाने करा: एकूण पगार, पीएफचा पगार, ईएसआयचा पगार, खतावणीतली रक्कम. चारही आकडे सारखे येणार नाहीत. फरक कशाचा, ते शेजारी लिहिता आलं पाहिजे. जुन्या नियमात ओव्हरटाइमवर पीएफ नव्हता, ईएसआय मात्र होतं. २१ नोव्हेंबर २०२५ ला सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली अन् वेतनाची व्याख्या बदलली: वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरची रक्कम वेतनात धरतात. म्हणून २०२५-२६ च्या पत्रकात त्या तारखेपाशी रेघ मारा, आधीचे अन् नंतरचे महिने एकात मिसळू नका.

खतावणीशी फरक येतो तो बहुतेक मार्चचा. मार्चच्या पगाराचं चलन एप्रिलमध्ये जातं. ताळेबंदात ते देणं म्हणून दिसतं, भरणा पुढच्या वर्षात. नवीन पोरं इथंच दोन दिवस घालवतात.

आता माणसं. खरी कटकट इथं आहे. गंगापूर-पैठणकडची पोरं पेरणीला म्हणून गावी जातात, काही परत येतच नाहीत. नोकरी सोडल्याची तारीख कुणी भरत नाही. पोर्टलवर माणूस कामावर, हजेरीत नाही. अन् त्या पोराला पुढं पैसे काढताना हेलपाटे. म्हणून ईसीआरमधली, म्हणजे पीएफ पोर्टलवर दरमहा चढवायच्या यादीतली, नावं हजेरीशी एकेक करून लावा. बिनपगारी दिवसांचा रकानाही तपासा, सगळ्यांना शून्य टाकून फाइल चढवायची सवय फार वाईट.

वयाच्या तारखाही बघा. ५८ पूर्ण झालेल्याचा पेन्शनचा हिस्सा थांबतो अन् मालकाचे पूर्ण १२ टक्के पीएफ खात्यात जातात. बाकीच्यांचा पेन्शन हिस्सा १५,००० च्या मर्यादेवर ८.३३ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त १,२५० रुपये. ईएसआयला जूनमध्ये पगारवाढ होऊन कुणी २१,००० च्या मर्यादेवर गेला, तरी कपात सहामाही संपेपर्यंत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत चालू ठेवायची. लगेच नाव काढू नका.

ठेकेदाराची माणसं असतील तर नुसतं चलन घेऊ नका, नावांची यादीही मागा. त्याच्या चलनात दुसऱ्या कारखान्याचीही माणसं असतात की हो.

चालत आलेल्या नियमांप्रमाणे ईएसआयचं सहामाही विवरण सहामाही संपल्यापासून ४२ दिवसांत, म्हणजे १२ मे अन् ११ नोव्हेंबर. कारखान्याची वार्षिक माहिती ३१ जानेवारीपर्यंत. मार्चला वर्ष संपणाऱ्यांनी बोनस ३० नोव्हेंबरच्या आत वाटायचा, त्याचं विवरण १ फेब्रुवारीपर्यंत. नव्या कामगार संहितांमुळं फॉर्मची नावं बदलतायत, तेव्हा भरण्याआधी पोर्टलवर बघून घ्या. जुने हिशेबनीस अजून पीएफचे जुने वार्षिक फॉर्म ३अ अन् ६अ मागतात. २०१२ मध्ये ईसीआर आल्यावर त्यांची गरज संपली.

राहिलं टॅक्स ऑडिट. सीए साहेब ३सीडीसाठी (टॅक्स ऑडिटचा फॉर्म) प्रत्येक महिन्याची कामगारांकडून कापलेली रक्कम, भरायची तारीख अन् प्रत्यक्ष भरल्याची तारीख मागतात. ती यादी त्याच एक्सेलच्या दुसऱ्या पानावर करून ठेवा. तारीख टाकताना चलन तयार केल्याची टाकू नका, बँकेतून पैसे गेले त्या दिवसाची टाका.