गावात मिनी दाल मिल टाकताय? आधी या चुका टाळा

अकोला-यवतमाळकडं तूर घरचीच, म्हणून धंदा म्हटला की पोट्ट्यांच्या डोक्यात मिनी दाल मिल येते. आयडिया चांगलीच आहे, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं छोट्या मिलचं मॉडेलही बनवलंय, पण मशीन बिचारी चालते, मालक हिशोबात अडकतो.

सगळ्यात मोठी चूक, सबसिडी म्हणजे हातात येणारा पैसा समजणं. पीएमईजीपीत, म्हणजे नवा धंदा टाकायला लोनवर सबसिडी देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेत, ग्रामीण भागात जनरलला 25 टक्के अन् महिला, एससी, एसटी, ओबीसी यांना 35 टक्के धरतात, म्हणजे 6 लाखाच्या प्रोजेक्टवर वहिनीच्या नावानं 2 लाख 10 हजार, ऐकायला मस्त, पण भाऊ ते पैसे बँकेत टीडीआर, म्हणजे मुदत ठेव, करून 3 वर्षं पडून राहतात अन् युनिट खरंच चालू दिसलं तरच लोनमध्ये वळते होतात. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही हे खरं, पण बाकीचा हप्ता कोण भरणार? अन् काही जण तर याच भरवशावर सोयऱ्याकडून उसने घेऊन आधीच शेड ठोकून मोकळे!

प्रोजेक्ट रिपोर्टात नुसतं मशीनचं कोटेशन लावू नका. खेळतं भांडवलही एका सायकलचं, म्हणजे तूर घेण्यापासून डाळ विकून पैसे येईपर्यंतचं, धरता येतं, ते मागाच. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते, तेव्हा हाती पैसा नसला तर स्वतःचा माल भरता येत नाही, मग लोकांची तूर भरडून मजुरीवर बसा, अन् पावसाळ्यात साल सुटावं म्हणून तेल-पाणी लावलेली तूर वाळतच नाही म्हणून शटर खाली.

लाईटचं आधी बघा. शेतीपंपाच्या कनेक्शनवर मिल चालवायची नसते, अन् त्या लाईनला दिवसभर थ्री फेज राहते तरी कुठं. मशीनचा अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी महावितरणच्या ऑफिसात जाऊन डीपीवर लोड शिल्लक आहे का ते विचारा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकटात होते, आधार घेऊन ऑनलाइन बसायचं, त्यासाठी एजंटला पैसे काहून द्यायचे?

राहिली उधारी. गावात सगळे काका-मामाच, नाही म्हणता येत नाही, म्हणून मजुरीचा रेट भिंतीवर लिहा अन् डाळ नेतानाच पैसे घ्या. चुनी, म्हणजे डाळ भरडताना निघणारा चुरा, कोणाची तेही तूर मापतानाच ठरवा, ढोरांना ती लागतेच, अन् निम्मी भांडणं तिच्यावरूनच होतात.