अ‍ॅनिमेशनमध्ये रंगाचा लेयर हलवणं आणि दुरुस्त करणं

रेषा वर, रंग खाली ही मांडणी जवळपास सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये सारखीच असते. घोळ होतो तो हलवताना: रंग सरकतो, रेषा जागच्या जागी राहते. म्हणून आधी ठरवा, जागा एकाच चित्रात बदलायची आहे की सीनभर.

सीनभर बदलायची असेल तर चित्राला हातच लावू नका. रेषा आणि रंग एका ग्रुपमध्ये घ्या आणि कीफ्रेम (कोणत्या फ्रेमवर जागा काय, याची नोंद) ग्रुपला द्या. टून बूमच्या हार्मनी सॉफ्टवेअरमध्ये हेच काम पेग (हालचाल धरून ठेवणारा वेगळा लेयर) करतो. मूळ चित्र शाबूत राहतं, हालचाल केव्हाही बदलता येते. रास्टर (पिक्सेलचा बनलेला) रंग मात्र ट्रान्सफॉर्मने वारंवार फिरवला किंवा लहान-मोठा केला, की दर वेळी पिक्सेल नव्याने काढले जातात आणि कड धूसर होत जाते. मग त्या कडेपाशी बकेट (रंग भरायचं टूल) अर्धवट भरतो. फक्त सरकवायचं असेल तर बाणाच्या कळांनी, पूर्ण पिक्सेलमध्ये सरकवा.

एकच चित्र बदलायचं असेल तर टाइमलाइन बघा. ‘ऑन टूज’ काम असेल तर तेच चित्र दोन फ्रेमवर दिसतं, आणि बदलही दोन्हीकडे होतो. एकाच फ्रेमवर हवा असेल तर आधी चित्राची प्रत काढा.

हार्मनीत लाइन आर्ट (रेषा) आणि कलर आर्ट (रंग) एकाच चित्राच्या आत असतात. एल कळ दाबून एकातून दुसऱ्यात जाता येतं. दोन्ही एकत्र हलवायचे तर सिलेक्ट टूलच्या प्रॉपर्टीजमध्ये दोन्हींवर लागू करण्याचा पर्याय चालू हवा. लाइन आर्टवरून कलर आर्ट तयार केलं असेल तर रंगाची हद्द म्हणजे रेषेच्या मध्यातून जाणारा अदृश्य स्ट्रोक. त्यामुळेच रंग रेषेखाली अर्धा शिरतो आणि फट दिसत नाही. के दाबून हे स्ट्रोक दिसू द्या आणि फिलबरोबर (भरलेल्या रंगाबरोबर) तेही निवडा. ते मागे राहिले तर पुढचं भरणं बिघडतं.

अ‍ॅडोबी अ‍ॅनिमेटच्या मर्ज ड्रॉइंगमध्ये (एका लेयरवरचे आकार एकमेकांत मिसळतात ती पद्धत) एका क्लिकने फक्त फिल उचललं जातं, डबल क्लिकने भोवतीची रेषाही येते. खरा फटका पुढे बसतो: एक फिल त्याच लेयरवरच्या वेगळ्या रंगाच्या फिलवर ठेवून निवड सोडली, की खालचं तेवढं कापलं जातं. रंग एकच असेल तर दोन्ही जोडले जातात. ओढण्यापूर्वी कंट्रोल-जीने ग्रुप करा किंवा वेगळा लेयर घ्या.

रास्टरमध्ये रंग आणि रेषेच्या मधे पांढरी किनार दिसते, कारण रेषेची कड अर्धपारदर्शक असते आणि बकेट तिथे आधीच थांबतो. फिल 1-2 पिक्सेलने वाढवा. क्लिप स्टुडिओ आणि क्रितात ही सोय बकेटच्या सेटिंगमध्येच आहे. रेषा बारीक असेल तर 1 पुरे, नाहीतर रंग बाहेर डोकावतो.

रंगच बदलायचा असेल तर पुन्हा भरत बसू नका. हार्मनी आणि ओपनटून्झमध्ये फिल हे पॅलेटमधल्या स्वॉचशी (तिथे नोंदवलेल्या रंगाशी) जोडलेलं असतं. स्वॉच बदलला की तो वापरलेली सगळी चित्रं बदलतात. हार्मनीत रात्रीच्या सीनसाठी पॅलेट क्लोन करा, डुप्लिकेट नको: क्लोनमध्ये स्वॉचची ओळख तीच राहते, डुप्लिकेटमध्ये नवी मिळते आणि चित्र त्याला जुमानत नाही. वापरात असलेला स्वॉच डिलीट झाला तर तो भाग लालभडक दिसतो. साध्या रास्टर लेयरवर पारदर्शक पिक्सेल लॉक करून वरून रंग मारा, पण हे प्रत्येक चित्रात वेगळं करावं लागतं.

रेंडर करण्यापूर्वी सगळ्यात खाली भडक गुलाबी लेयर टाका, झूम 200 टक्के ठेवा आणि एकेक फ्रेम पुढे जात तपासा. रंग भरायची राहिलेली भोकं तिथे लगेच डोळ्यांत भरतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर, विशेषतः डोळे आणि दातांपाशी, ती हमखास निसटतात.