सिल्व्हर वॉर बॅज: मागच्या क्रमांकावरून सैनिक शोधताना या चुका टाळा

पहिल्या महायुद्धातल्या वस्तू जमवणाऱ्याच्या हाती कधी ना कधी हा चांदीचा गोल बिल्ला येतोच. मधोमध मुकुट आणि पंचम जॉर्जची मुद्राक्षरं, कडेने 'फॉर किंग अँड एम्पायर, सर्व्हिसेस रेंडर्ड', मागे पिन आणि एक क्रमांक. विकणारा सांगतो, "जखमी सैनिकाचा बिल्ला आहे." घोळ इथूनच सुरू होतो.

ब्रिटनने सप्टेंबर १९१६ मध्ये हा बिल्ला काढला तो जखमेचं बक्षीस म्हणून नव्हे. साध्या कपड्यातला तरुण रस्त्यात दिसला की त्याला पळपुटा ठरवून बायका त्याच्या हातात पांढरं पीस ठेवत. ऑगस्ट १९१४ मध्ये फोकस्टन इथे एका निवृत्त ॲडमिरलने ही टूम काढली होती, आणि आघाडीवरून मोडून परतलेलेही तिच्या तडाख्यात सापडले. अशांना चारचौघांत मान वर करून फिरता यावं म्हणून हा बिल्ला. तो साध्या कपड्यांवर, उजव्या छातीवर लावायचा, गणवेशावर नाही. जखम, आजार किंवा वय यांमुळे सैन्यातून मोकळा झालेला माणूस त्याला पात्र होता. क्षयाने खंगलेला कारकून आणि इंग्लंडच्या छावणीबाहेर कधीच न पडलेला रंगरूट या दोघांनाही तो मिळू शकत होता. साधारण साडेअकरा लाख बिल्ले वाटले गेले. म्हणजे तुमच्या हातातला बिल्ला शौर्याचाही पुरावा नाही आणि गोळी लागल्याचाही नाही.

फोटोतही गल्लत होते. जखमेची खरी खूण गणवेशाच्या डाव्या बाहीवर, मनगटाच्या वरच्या भागात शिवलेली दोन इंची सोनेरी उभी पट्टी. उजव्या बाहीवरची उलट्या व्हीसारखी छोटी चिन्हं परदेशातल्या सेवेची.

सगळ्यात महागात पडणारी चूक

मागचा क्रमांक म्हणजे सैनिकाचा पलटणीतला क्रमांक असं धरून लोक शोध घेतात आणि भलत्याच माणसाचा इतिहास लिहून मोकळे होतात. तो फक्त बिल्ल्याचा क्रमांक आहे. पलटणीचे क्रमांक तेव्हा प्रत्येक रेजिमेंट आपापले देई, त्यामुळे एकच आकडा अनेकांच्या नावावर सापडतो. टेरिटोरियल म्हणजे हंगामी स्वयंसेवकांच्या पलटणींना तर १९१७ मध्ये नवे क्रमांक मिळाले. आकड्याआधी 'आरएन' असेल तर माणूस नौदलाचा, 'आरएएफ' असेल तर हवाई दलाचा. त्यांना भूदलाच्या यादीत शोधू नका. क्रमांक लहान म्हणजे माणूस लवकर जखमी झाला, हेही खरं नाही. १९१४-१५ मध्ये घरी आलेल्यांनाही बिल्ले सप्टेंबर १९१६ नंतरच मिळाले.

लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात या बिल्ल्यांच्या याद्या आहेत (वॉर ऑफिसच्या दप्तराचा संच, डब्ल्यूओ ३२९), आणि वंशावळीच्या सशुल्क संकेतस्थळांवरही त्या पाहता येतात. तिथे बिल्ल्याच्या क्रमांकासमोर नाव, हुद्दा, पलटणीतला क्रमांक, भरतीची आणि सुटकेची तारीख, कारण मिळतं. परदेशी गेला होता की नाही, हेही बऱ्याचदा. कारणाच्या रकान्यातला '३९२ (xvi)' हा रोगाचा क्रमांक नव्हे. किंग्ज रेग्युलेशन्स या ब्रिटिश सैन्याच्या नियमावलीतलं ते कलम आहे, अर्थ 'युद्धसेवेस शारीरिकदृष्ट्या अपात्र'. सुटकेची तारीख ही जखमेची तारीखही नसते. मधे इस्पितळ, डेपो, वैद्यकीय मंडळ असे महिनोन्‌महिने गेलेले असतात.

यादीतली पलटण ही बहुधा शेवटची पलटण असते. जखमी माणूस डेपोत किंवा लेबर कोअर या मजुरीची कामं करणाऱ्या दलात ढकलला गेलेला असे. उलट त्याच माणसाच्या युद्धपदकाच्या कडेवर साधारणपणे तो ज्या पलटणीतून आघाडीवर गेला तिचं नाव कोरलेलं असतं. दोन्ही जुळत नाहीत म्हणून बिल्ला आणि पदकाचा संच बनावट ठरवू नका. त्या दोन नावांच्या मधेच त्याची कहाणी असते. मला यातली खरी मजा इथेच वाटते. मात्र यादीत परदेशसेवा 'नाही' असेल आणि विक्रेता सोबत व्हिक्टरी मेडल, म्हणजे परदेशी रणक्षेत्रात गेलेल्यांनाच मिळणारं पदक, देत असेल, तर पैसे काढू नका.

"कागद जळाले" म्हणून शोध सोडणं ही पुढची चूक. सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात सैनिकांची सेवापत्रं ठेवलेलं लंडनमधलं गोदाम जळालं आणि साधारण ६० टक्के कागद गेले, हे खरं. पण जखमेमुळे वा आजारामुळे पेन्शनीवर गेलेल्या पुष्कळांची कागदपत्रं वेगळ्या संचात (डब्ल्यूओ ३६४) टिकली. बिल्लेवाल्यांचं नशीब या बाबतीत इतरांपेक्षा बरं.

आपल्याकडच्यांसाठी एक सूचना. पणजोबा १०३, ११० किंवा ११७ व्या मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेले असतील, तर वरच्या वाटेने जाऊ नका. ब्रिटिश इंडियन आर्मीचं दप्तर वेगळं होतं. कामी आलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची नोंद आणि बसरा स्मारक पाहा. जिवंत परतलेल्यांसाठी घरातली पेन्शनची कागदपत्रं आणि पदकाच्या कडेवरचं नाव. गावातल्या संगमरवरी पाटीवर किती युद्धावर गेले आणि किती कामी आले एवढेच आकडे असतात.

आणि कृपा करून बिल्ला घासू नका. भांड्यांच्या पावडरीने चांदी चकाकते, पण क्रमांक झिजतो. क्रमांक अंधुक असेल तर बाजूने तिरका उजेड टाकून मोबाइलवर फोटो घ्या. ३ आणि ८ किंवा १ आणि ७ यांत शंका राहिली तर दोन्ही आकडे यादीत तपासा.