गेम बॉयवरच्या पोकेमॉन पत्त्यांत जिंकायचं कसं

या गेममध्ये मी सुरुवातीला सपाटून हरलो ते चारिझार्डमुळे. समोरच्याच्या नव्हे, माझ्याच. 120 एचपी (म्हणजे जीव), एका हल्ल्यात 100 डॅमेज. असा पत्ता मिळाल्यावर बाकीच्यांकडे बघतो कोण! पण आधी चारमँडर, मग चारमेलिऑन, मग चारिझार्ड अशी चढण. त्यावर हल्ल्याला इंधन म्हणून चार एनर्जी पत्ते हवेत आणि एका पाळीत एनर्जी लावता येते एकच. शिवाय दर हल्ल्याला दोन एनर्जी टाकून द्यायच्या. महाराज सजूनधजून मैदानात येईपर्यंत लग्न उरकलेलं असायचं.

गेम म्हणजे गेम बॉय कलरवरचा 'पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेम'. जपानमध्ये 1998 ला आला, अमेरिकेत 2000 मध्ये. ऑगस्ट 2023 पासून तो निन्टेन्डो स्विच ऑनलाइनच्या सभासदांना खेळता येतो. त्यामुळे जुनं कार्ट्रिज शोधत फिरायची गरज नाही. मोबाइलवरच्या 'पोकेमॉन टीसीजी पॉकेट'च्या 20 पत्त्यांच्या डेकची सवय असेल, तर इथला 60 पत्त्यांचा डेक आधी अवजड वाटेल. आठ क्लबांचे मास्टर हरवायचे, मग चार ग्रँड मास्टर, अशी ही वाट आहे.

आधी सेटिंग. मजकुराचा वेग वाढवा आणि डावातली अ‍ॅनिमेशन बंद करा. या गेमचा सगळ्यात कंटाळवाणा भाग म्हणजे वाट बघणं. नाणं उडतंय, संदेश येतोय, पुन्हा नाणं उडतंय. पहिल्या दिवशी मजा वाटते, तिसऱ्या दिवशी नाही.

मग डेक, आणि इथेच खरा वेळ घाला. माझ्या मते हा गेम पत्ते टाकण्याचा कमी आणि कॅट जुळवण्याचा जास्त आहे. एका नावाचे चारच पत्ते घेता येतात. साध्या एनर्जीला मात्र मर्यादा नाही. सुरुवातीच्या सात पत्त्यांत एकही बेसिक पोकेमॉन (चारमँडरसारखा, थेट मैदानात उतरणारा) नसेल तर पुन्हा पिसावं लागतं. डेकमध्ये बेसिक पोकेमॉन फक्त 8 ठेवलेत, तर ही पाळी दर तीन डावांत एकदा तरी येते (साधारण 35 टक्के). 12 ठेवले तर 19 टक्के, 16 ठेवले तर 10 टक्के. मी 16 पोकेमॉन, 22 एनर्जी आणि 22 ट्रेनर (मदतीचे पत्ते) असा हिशोब धरतो आणि त्यातले बहुतेक पोकेमॉन बेसिकच घेतो. एनर्जीचे रंगही दोनच. तिसरा रंग घातला की हातात नेमकी नको ती एनर्जी साचते. रमीत जोकर नसताना होतं तसंच.

ट्रेनर पत्त्यांबाबत हा गेम भलताच उदार आहे. आजच्या नियमांत सपोर्टर पत्ता (ट्रेनरचाच एक प्रकार) पाळीला एकच टाकता येतो; इथे ट्रेनर हवे तेवढे टाका. 'बिल' दोन पत्ते देतो. 'प्रोफेसर ओक' हातातले सगळे टाकायला लावतो आणि सात नवे देतो. बूस्टरमधून (पत्त्यांच्या पाकिटांतून) निघतील तसे हे आधी डेकमध्ये भरा. चकचकीत पत्ते अल्बममध्येच शोभतात.

तिसरी गोष्ट कमजोरीची. पोकेमॉनच्या पत्त्याच्या तळाशी दोन खुणांची जागा असते: वीकनेस (कमजोरी) आणि रेझिस्टन्स (प्रतिकार). पहिल्या खुणेने डॅमेज दुप्पट होतं, दुसरीने 30 कमी. कागदावर हे किरकोळ दिसतं, म्हणून एकाच पत्त्याचं उदाहरण घेऊ. हिटमोनचॅन हा बेसिक पोकेमॉन, 70 एचपी. 'जॅब' नावाचा ठोसा एका एनर्जीत 20 डॅमेज करतो. समोर 40 एचपीचा पिकाचू आला, त्याची कमजोरी फायटिंग, म्हणजे हिटमोनचॅनचाच प्रकार. वीसाचे चाळीस झाले, पिकाचू आडवा. पहिल्याच पाळीत प्राइजचा (समोरचा पोकेमॉन पाडल्याच्या बक्षिसाचा) एक पत्ता खिशात! आता तोच ठोसा झॅपडॉसला मारा. त्याला फायटिंगचा रेझिस्टन्स आहे. वीसातून तीस गेले, हाती शून्य. ग्रँड मास्टर स्टीव्हचा डेक झॅपडॉसवरच बेतलेला आहे. लायटनिंग क्लब (पिकाचूच्या जातीचा) झोपवून तोच डेक घेऊन गेलात, तर काय होईल ते सांगायला नको.

मिस्टर माइम तर याहून वस्ताद. 40 एचपीचा हा किडकिडीत गडी, पण 30 किंवा त्याहून जास्त डॅमेज त्याला लागतच नाही. हिटमोनचॅनचा 40 चा मोठा ठोसा वाया जातो आणि 20 चा जॅब मात्र लागतो. दोन जॅबमध्ये खेळ खलास.

हरलात तर लगेच पुन्हा भिडू नका. संगणकाच्या खेळाडूंची सगळ्यात मोठी कमजोरी ही की ते डेक बदलत नाहीत. पहिला डाव टेहळणीचा समजा, कुठला रंग आहे ते बघा आणि त्याला उतारा म्हणून दुसरा डेक बांधा. चार डेक जवळ ठेवता येतात. मी एक कायम रिकामा ठेवतो तो यासाठीच. फायर क्लबला पाण्याचा डेक नेला तर डाव एकतर्फी होतो. हे जरा जास्तच सोपं आहे, हे मला मान्य. माणसाशी खेळताना ही चलाखी चालत नाही, तो दुसऱ्या दिवशी नवा कॅट घेऊन येतो.

बूस्टर हवे असतील तर ज्याला सहज हरवता येतं त्याच्याशी परत परत खेळा. जिंकलं की पाकिटं मिळतात, पैसे लागत नाहीत. आजच्या मोबाइल गेमांची सवय झालेल्याला हे खोटं वाटेल.

आणि पत्त्यांचा अल्बम पुरा करायचा हट्ट असेल, तर आधीच सावध करतो. व्हीनसॉर आणि म्यू यांचे दोन 'फँटम' पत्ते कुठल्याच पाकिटात नसतात. मूळ यंत्रावर ते फक्त 'कार्ड पॉप'मधून निघत: दोन गेम बॉय कलर समोरासमोर धरायचे, इन्फ्रारेडने जोडायचे आणि नशिबात असेल तो पत्ता घ्यायचा. एका मित्राबरोबर एकदाच. म्हणजे म्यू हवा असेल तर पुष्कळ मित्र हवेत, आणि प्रत्येकाकडे हाच गेम हवा.