मेडिकल स्कूलला यंदाच अप्लाय करायचं की एक वर्ष थांबायचं? (अमेरिकेत शिकणाऱ्यांसाठी)

आधी कॅलेंडर नीट समजून घे, निम्मा घोळ तिथेच होतो. एएमकॅसचा (बहुतेक मेडिकल स्कूल्ससाठीचा एकच सामायिक अर्ज) फॉर्म मे महिन्यात उघडतो, मे अखेर-जूनच्या सुरुवातीला सबमिट करता येतो, आणि प्रवेश थेट पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. म्हणजे चार वर्षांचं कॉलेज संपल्या संपल्या जायचं असेल तर तिसरं वर्ष संपतानाच सगळं तयार पाहिजे. बहुतेक स्कूल्स रोलिंग पद्धतीने फॉर्म वाचतात, जसे येतील तसे, आणि इंटरव्ह्यूच्या जागा भरत जातात, त्यामुळे सप्टेंबरमध्ये कसाबसा भरलेला फॉर्म आणि पुढच्या जूनमध्ये नीट भरलेला फॉर्म यात मी तरी डोळे झाकून दुसरा घेईन.

आता खरा प्रश्न. या एका वर्षात तुझ्या फाइलमध्ये नेमकं काय बदलणार? कागदावर लिही. "प्रोफाइल जरा स्ट्राँग होईल" हे उत्तर नाही.

जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) कमी आहे म्हणून थांबणार असशील तर आधी हिशोब कर. ९० क्रेडिट्सवर ३.४ असेल आणि शेवटच्या वर्षात ३० क्रेडिट्स सगळे ए आणलेस तरी होतात ३.५५, चांगलंय, पण जादू नाही. आणि एखादा कोर्स परत केला तर एएमकॅस जुना आणि नवा दोन्ही ग्रेड धरतं, हे बऱ्याच जणांना फार उशिरा कळतं.

एमकॅटची (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची) तयारी नसेल तर मात्र थांबच. वर्षात ३, दोन वर्षांत ४ आणि आयुष्यात ७ अटेम्प्ट्स, व्हॉइड केलेलाही (परीक्षेला बसून स्वतःच रद्द केलेला) मोजला जातो, त्यामुळे "बघू तरी काय येतं" म्हणून जाऊन बसायची ही परीक्षा नाही. निकालाला साधारण महिना जातो तो धर. उलट स्कोअर आधीच चांगला असेल तर तो किती जुना चालतो ते प्रत्येक स्कूलच्या साइटवर बघ, बऱ्याच ठिकाणी २-३ वर्षांची मर्यादा असते.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो पेशंट्सजवळ घालवलेल्या वेळाने. चार दिवस शॅडोइंग केलं (डॉक्टरच्या मागे फिरून काम नुसतं बघितलं) आणि निबंधात "लोकांची सेवा करायची आहे" लिहिलं, असे ढिगाने येतात. वर्षभर स्क्राइब (डॉक्टरसाठी पेशंटच्या नोंदी लिहिणारा), ईएमटी (अॅम्ब्युलन्सवर तातडीचे उपचार करणारा) किंवा मेडिकल असिस्टंट म्हणून काम केलेल्याकडे सांगायला खरं काहीतरी असतं, आणि आपल्याला हे आयुष्यभर झेपणार आहे का हेही तिथेच कळतं (न झेपणं कळलं तरी फायदाच आहे, लाखो डॉलर्सचं लोन घेण्याआधी कळलं ना).

पण स्कोअर, अनुभव, शिफारसपत्रं सगळं जागेवर आहे आणि फक्त पोटात गोळा येतोय, तर थांबू नकोस, भर फॉर्म. भीती पुढच्या जूनमध्येही असणारच आहे.

पैशाचं पण बघ. फेडरल स्टुडंट लोन असेल तर कॉलेज सुटल्यावर साधारण ६ महिन्यांनी हप्ते सुरू होतात आणि स्क्राइबचा पगार काही फार नसतो. एफ-१ वर (स्टुडंट व्हिसावर) असशील आणि अमेरिकेतच राहून काम करायचं असेल तर थांबलेलं वर्ष साधारणपणे ओपीटीवर (डिग्रीनंतर काही काळ काम करायची परवानगी) काढावं लागेल, काम डिग्रीशी संबंधित हवं आणि बिनकामाचे एकूण ९० दिवसच चालतात, शिवाय इंटरनॅशनल विद्यार्थी घेणारी स्कूल्स मुळातच कमी, ती यादी आधी काढ.

आई-बाबा "वर्ष वाया जाईल" म्हणणार, धरून चाल. त्यांना सांग की आता मेडिकल स्कूलला जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं मध्ये किमान एक वर्ष घेऊनच जातात, आणि सोबत वर्षात काय बदलणार ते लिहिलेला तो कागद दाखव.

थांबायचं ठरलंच तर शिफारसपत्रं मात्र आत्ताच मागून ठेव. प्रोफेसरला तू आज आठवतोयस, वर्षाने आठवशीलच असं नाही. कॉलेजचं प्री-हेल्थ ऑफिस (मेडिकलला जाणाऱ्यांना सल्ला देणारं) पत्रं जपून ठेवतं का तेही विचार, आणि ठेवत असेल तर पत्रं थेट तिकडेच पाठवायला सांग.