क्रेडिट मागण्याआधी बिल झाडून घ्या

मी कॉमर्सची. नाशिकला आमची छोटी कंपनी आहे, द्राक्षांच्या पॅकहाऊससाठी सॉफ्टवेअर बनवतो. सर्व्हर सांभाळतो माझा मावसभाऊ आणि पैसे सांभाळते मी. गेल्या वर्षी एडब्ल्यूएसचं, म्हणजे ॲमेझॉनकडून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचं, महिन्याचं बिल जीएसटी सोडून 68,400 रुपयांवर गेलं, तेव्हा तो म्हणाला, "ताई, स्टार्टअप क्रेडिटसाठी अर्ज करू, वर्षभर बिलच येणार नाही."

क्रेडिट म्हणजे नव्या कंपन्यांना मिळणारी, बिलातून वळती होणारी रक्कम. अर्ज केला, क्रेडिटही मिळालं. पण त्याआधी मी दीड महिना थांबवलं, त्याचं कारण साधं आहे. आम्हाला 10,000 डॉलर मिळण्याची शक्यता होती. डॉलर 85 रुपयांच्या आसपास धरला तर 68,400च्या बिलात ते बारा महिने पुरतात. बिल 41,000वर आणलं तर तेच पैसे वीस महिने जातात. शिवाय क्रेडिटला मुदत असते, आणि वापरलं नाही म्हणून ती वाढत नाही.

तर आधी झाडझूड. कॉस्ट एक्सप्लोरर, म्हणजे एडब्ल्यूएसच्या खात्यातलं खर्च दाखवणारं पान, उघडा, खर्च सेवेनुसार न पाहता 'यूसेज टाइप'नुसार (वापराच्या प्रकारानुसार) लावा. 'ईसी-टू (म्हणजे भाड्याचे सर्व्हर) : अमुक रुपये' यातून काही कळत नाही. किराणा दुकानाच्या वहीत नुसतं 'सामान' लिहिलेलं असावं, तसं ते. यूसेज टाइप लावलं की तूरडाळ किती, तेल किती ते दिसतं.

आमच्याकडे सगळ्यात जास्त गळती निघाली एनएटी गेटवेतून, म्हणजे आतल्या सर्व्हरच्या बाहेर जाण्याच्या दारातून. पॅकहाऊसमधून क्रेटचे फोटो येतात, ते आमचा सर्व्हर एस-थ्रीमध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसच्या फाइलींच्या गोदामात, ठेवतो. सर्व्हर प्रायव्हेट सबनेटमध्ये (बाहेरून थेट न पोचता येणाऱ्या आतल्या नेटवर्कमध्ये), म्हणून प्रत्येक फोटो गेटवेतून जायचा. गेटवेचं तासाचं भाडं वेगळं आणि आत-बाहेर जाणाऱ्या दर जीबीचे पैसे वेगळे. जानेवारी ते एप्रिल, म्हणजे ऐन हंगामात, हा आकडा फुगायचा. उपाय फुकट होता: एस-थ्रीसाठी गेटवे एंडपॉइंट (तिकडे जाणारी आतली वाट) लावायचा आणि राउट टेबलमध्ये (वाटांच्या यादीत) त्याची नोंद करायची. भावाला अर्धा तास लागला. दोन वर्षं हे का केलं नाही, असं मी विचारलं नाही. चेहऱ्यावर बहुतेक दिसलं असावं.

मग चाचणीचा डेटाबेस.

"ताई, तो बंद आहे."

"बंद आहे तर पैसे कसले?"

आरडीएसचा, म्हणजे एडब्ल्यूएसने सांभाळलेला, डेटाबेस तात्पुरता बंद केला की जास्तीत जास्त सात दिवस बंद राहतो, मग आपोआप चालू होतो. तसं माहितीपत्रकात लिहिलेलं आहे, आम्हीच वाचलं नव्हतं. भाऊ बंद करून विसरायचा आणि आठवड्याने तो उठून बसायचा. लागत नसेल तर स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेऊन डेटाबेस काढूनच टाका. बंद असतानाही साठवणुकीचे पैसे लागतातच.

बाकीचं भराभर सांगते. जुन्या जीपी-टू प्रकारच्या डिस्क नव्या जीपी-थ्री प्रकारच्या करा, दर जीबीमागे सुमारे 20 टक्के वाचतात आणि सर्व्हर थांबवावा लागत नाही. क्लाउडवॉचचे लॉग (सर्व्हरच्या कामाच्या नोंदी) तुम्ही मुदत घातली नाही तर कायमचे राहतात. आम्ही 30 दिवस ठेवले. 1 फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही-फोर पत्त्याला (इंटरनेटवरून दिसणाऱ्या पत्त्याला) तासाला 0.005 डॉलर लागतात, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. आमच्याकडे असे नऊ पत्ते होते, त्यातले पाच कशाला कोणालाच आठवेना. आणि बिलिंगमध्ये तुमचा जीएसटी क्रमांक घातलाय का ते आजच बघा. 18 टक्क्यांचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) सोडून देण्याएवढे आपण श्रीमंत नाही.

आता अर्ज. एडब्ल्यूएस ॲक्टिव्हेट या क्रेडिटच्या कार्यक्रमात स्वतःच्या पैशांवर चालणाऱ्या कंपन्यांना 1,000 डॉलरपर्यंत आणि मान्य इन्क्युबेटर (नव्या कंपन्यांना आधार देणारी संस्था) किंवा गुंतवणूकदाराच्या ओळखीने 1,00,000 डॉलरपर्यंत, अशी रचना आम्ही अर्ज केला तेव्हा होती. गूगल आणि मायक्रोसॉफ्टचेही असे कार्यक्रम आहेत. रकमा आणि अटी बदलत राहतात, त्या दिवशी त्यांच्याच पानावर वाचा. ओळखीने मिळणाऱ्या मोठ्या रकमेच्या, म्हणजे पोर्टफोलिओच्या, अर्जाला ऑर्गनायझेशन आयडी (ओळख देणाऱ्या संस्थेचा क्रमांक) लागतो, तो इन्क्युबेटरच्या ऑफिसातून मागून घ्या. आमच्या इन्क्युबेटरकडे तो होता, फक्त आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

एका कंपनीकडे आमचा पहिला अर्ज फेटाळला गेला, आणि ती चूक माझी. मी जीमेलवरून भरला होता आणि वेबसाइटवर 'लवकरच येत आहोत' एवढंच होतं. स्वतःच्या डोमेनचा ईमेल हवा, आणि वेबसाइटवर तुम्ही काय विकता ते कळलं पाहिजे.

क्रेडिट आलं की खरा धोका सुरू होतो, कारण बिलावर शून्य दिसतं. आमच्या भावाने दुसऱ्याच आठवड्यात मोठ्या मशीनची मागणी केली, "फुकट तर आहे." म्हणून कॉस्ट एक्सप्लोररमध्ये 'चार्ज टाइप'च्या फिल्टरमधून क्रेडिट वगळा. मग खरा खर्च दिसतो. बजेटचा इशाराही क्रेडिट न धरता लावा. आमचा 45,000वर आहे, मेल दोघांनाही येतो.

सेव्हिंग्ज प्लॅनचा मोह होईल. तो ठरावीक वापराची हमी देऊन सवलत घेण्याचा एक किंवा तीन वर्षांचा करार असतो, आणि आमचा भार हंगामी. म्हणून मी ऑगस्टचं बिल समोर ठेवलं, जेव्हा द्राक्षांचा हंगाम नसतो, आणि तेवढ्याच वापराचा एक वर्षाचा प्लॅन क्रेडिट संपल्यावर घ्यायचं ठरवलं. संपण्याच्या तारखेच्या तीन महिने आधीची आठवण दोघांच्या फोनमध्ये लावली आहे. भावाने त्याची गप्प केली होती, मी परत चालू केली.